देणगी प्रवेशिकेमागचा हिशेब : निधी उभारण्याचा खर्च आणि जोडउत्पन्न

ठाण्यात १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभे राहिले, पुढे वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह झाले, आणि शाळेच्या इमारतीसाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी निधी जमवण्याची एक पद्धत या भागात चांगलीच रुळली. संस्थेने नाटकाचा प्रयोग विकत घ्यायचा, ‘देणगी प्रवेशिका’ नेहमीच्या तिकिटापेक्षा चढ्या दराने खपवायच्या आणि जोडीला व्यापाऱ्यांच्या जाहिरातींची स्मरणिका काढायची. नाट्यगृहाचे भाडे, निर्मात्याची रक्कम आणि छपाई वजा जाता जे उरेल ते कार्याला मिळते. प्रवेशिका घेणारा मात्र सगळीच रक्कम दान समजतो. निधी उभारण्यावर किती खर्च व्हावा या वादाचे मूळ या गैरसमजात आहे.

हा प्रश्न नाट्यगृहांपेक्षा बराच जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि लोकमान्य टिळकांनी उचलून धरलेल्या पैसा फंडाने लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना काढला. देणगीच्या पैशातून उद्योग चालवणे त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही, कारण स्वदेशी उद्योग हाच फंडाचा हेतू होता. पुढच्या काळात मात्र ‘सेवाभावी’ म्हणजे बिनखर्ची अशी समजूत दृढ झाली. कार्यकर्त्याने पदरमोड करावी, कारकुनाचा पगार कुठल्या तरी दुसऱ्या सदरात दडवावा, हा त्या समजुतीचाच परिणाम म्हणावा लागेल.

कायद्याची भूमिका याहून मोकळी होती. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील (आता त्याच्या नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले आहे) जमाखर्चाच्या नमुन्यात आस्थापना खर्च, लेखापरीक्षण शुल्क आणि विश्वस्तांचे मानधन यांना स्वतंत्र रकाने आहेत आणि उद्दिष्टांवरील खर्च त्यांपासून वेगळा दाखवायचा आहे. जमेच्या बाजूलाही भाडे, व्याज आणि देणग्या वेगवेगळ्या लिहायच्या असतात. नोंदणी नसलेले गणेशोत्सव मंडळ कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी घेते, तेव्हा त्यालाही नंतर हिशेब द्यावा लागतो. गंमत अशी की धर्मादाय यंत्रणेच्या स्वतःच्या खर्चासाठीही न्यासांच्या उत्पन्नातून दोन टक्के अंशदान घेतले जात असे. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या वसुलीला स्थगिती दिली.

जोडउत्पन्नाचा, म्हणजे देणग्यांखेरीज होणाऱ्या कमाईचा, धागा आयकर कायद्यात अधिक गुंतागुंतीचा आहे. १९६१ च्या कायद्यात धर्मादाय हेतूच्या व्याख्येतील ‘सार्वजनिक उपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट’ या शब्दांना नफ्याचे काम नसण्याची अट जोडलेली होती. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य हेतू पाहावा असा अर्थ लावला, १९८३ च्या वित्त अधिनियमाने ती अट काढली आणि २००८ मध्ये व्यापारावरील निर्बंधाच्या रूपाने ती परत आली. त्यानंतर २०१५ च्या दुरुस्तीने अशा संस्थांच्या व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या वीस टक्क्यांची मर्यादा घातली, तर २०२२ च्या निकालात न्यायालयाने खर्चाएवढे किंवा त्याहून किंचित जास्त शुल्क घेणे आणि ठळक नफा घेणे यांत फरक केला. उद्दिष्टाला पूरक व्यवसायाचे हिशेब वेगळे ठेवण्याची अट तर स्वतंत्रपणे आहेच.

चालू खर्चावर थेट मर्यादा आहे ती परदेशी देणग्यांबाबत : २०१० च्या कायद्याने प्रशासकीय खर्चाला पन्नास टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती, २०२० मध्ये ती वीस टक्क्यांवर आली. देशातील देणग्यांसाठी आयकर कायद्यात अशी टक्केवारी नाही, त्यामुळे तेथे संस्थेचा प्रामाणिकपणा हिशेब मांडण्याच्या पद्धतीतूनच दिसतो.

स्मरणिकेचेच पाहा. व्यापाऱ्याच्या लेखी जाहिरातीची रक्कम बहुधा धंद्याचा खर्च असते, तरी अनेक संस्था छपाई वजा करून उरलेली रक्कम ‘देणगी’ म्हणून जमा दाखवतात. त्याऐवजी जाहिरातींची पूर्ण रक्कम जमेला आणि छपाईचे पूर्ण बिल खर्चाला लिहिले, प्रवेशिकेवर प्रयोगाचा अंदाजी खर्च छापला आणि बँकेत पडून राहिलेल्या निधीचे व्याज त्याच कार्याच्या नावे दाखवले, तर पुढच्या प्रयोगाच्या वेळी प्रवेशिका घेऊन दारात आलेल्या कार्यकर्त्याला ‘यातले खरे किती जाते?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येईल.