दहा सेंटांपर्यंतची घसरण

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात शटरस्टॉक या कंपनीने आपल्याला चित्रे पुरवणाऱ्या जगभरच्या छायाचित्रकारांना कळवले की १ जूनपासून मोबदल्याची पद्धत बदलणार आहे. तयारीला आठवडाही मिळाला नाही. वर्षानुवर्षे काम करून ज्यांचा दर एका डाउनलोडमागे ३८ सेंटांवर पोचला होता, त्यांच्या खात्यात जूनपासून दहा-दहा सेंटांच्या नोंदी दिसू लागल्या. अनेकांनी रातोरात आपले पोर्टफोलिओ बंद केले. जे थांबले तेही चिडलेलेच होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा एका कंपनीचा कठोर निर्णय वाटेल, पण त्याआधीची तीस वर्षे पाहिली तर तो एका लांब उताराचा पुढचा टप्पा होता, हे लक्षात येते.

स्टॉक फोटो म्हणजे कुणाच्या फर्माइशीवरून न काढलेला, आधीच काढून ठेवलेला आणि लागेल त्याला परवान्यावर मिळणारा फोटो. हा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांची एजन्सी १९२० ची. नाझी जर्मनीतून चित्रांनी भरलेल्या ट्रंका घेऊन निसटलेल्या ओटो बेटमन यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कला आपला प्रसिद्ध संग्रह उभा केला. सुरुवातीला छायाचित्रकार नेमून दिलेल्या कामातून उरलेल्या फ्रेम एजन्सीकडे ठेवत. ती वरकमाई असे. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा १९७८ पासून लागू झाला, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या फोटोचा हक्क, लेखी करार वेगळे सांगत नसेल तर, त्याच्याकडेच राहू लागला. मग स्टॉकसाठी मुद्दाम फोटो काढणे परवडू लागले. १९७४ मध्ये सुरू झालेली इमेज बँक आणि तिच्यासारख्या एजन्सी या काळात फोफावल्या.

तेव्हाचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढे जे हरवले ते त्याच हिशेबात होते. फोटो कशासाठी वापरणार, किती मोठा छापणार, किती प्रतींवर, किती महिने, कोणत्या देशांत, यावर किंमत ठरायची. तोच फोटो शाळेच्या पुस्तकात एका भावाने जाई आणि विमान कंपनीच्या जाहिरातीत त्याच्या कित्येक पट भावाने. आलेल्या पैशाचे बहुधा निम्मे-निम्मे वाटे होत. एजन्सी ही छायाचित्रकाराची आडतदार होती. भाव चढा राहिला तर दोघांचाही फायदा, म्हणून घासाघीस करताना ती त्याच्या बाजूने बोलायची. स्लाइडच्या डुप्लिकेट करणे, त्या टपालाने पाठवणे, परत मागवणे, हरवल्या तर भरपाई वसूल करणे, हे सगळे कष्टाचे काम होते आणि निम्मा वाटा त्या कष्टाचा होता.

पहिली चीर १९९१ मध्ये पडली. सिअॅटलच्या फोटोडिस्क कंपनीने शेकडो चित्रे एका सीडीवर घालून ती सीडी ठरावीक किमतीला विकायला काढली. एकदा पैसे भरा आणि हवे तितक्या वेळा वापरा. या पद्धतीला ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणतात आणि हा शब्द आजही लोकांची दिशाभूल करतो. रॉयल्टीतून सुटका होते ती ग्राहकाची, दर वापरामागे पुन्हा पैसे भरण्यापासून. छायाचित्रकाराला त्याचा वाटा देय असतोच. पण मोजमाप मात्र बदलले: आधी वापर मोजला जायचा, आता प्रत मोजली जाऊ लागली. जाहिरात किती लोकांनी पाहिली याचा फोटोच्या किमतीशी असलेला संबंध इथे सुटायला लागला.

त्याच दशकात मोठ्या भांडवलाने छोट्या एजन्सी गिळल्या. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने, म्हणजे पुढच्या कॉर्बिसने, १९९५ मध्ये बेटमन संग्रह घेतला. मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या गेटी इमेजेसने, त्याच वर्षी टोनी स्टोन इमेजेस विकत घेतली, नंतर फोटोडिस्क आपल्यात मिळवली आणि १९९९ मध्ये इमेज बँकही घेतली. आपल्या स्लाइड ज्या माणसाच्या हाती दिल्या तो माणूस निघून गेला आणि करार तिसऱ्याच कंपनीच्या कपाटात पडला, असा अनुभव त्या पिढीतल्या कितीतरी छायाचित्रकारांना आला.

मग आयस्टॉकफोटो आली. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी ती २००० मध्ये सुरू केली तेव्हा तो धंदा नव्हताच. डिझायनर मंडळींनी आपापले फोटो टाकायचे आणि त्या बदल्यात दुसऱ्यांचे घ्यायचे, अशी ती देवघेव होती. सर्व्हरचा खर्च डोईजड झाल्यावर एका फोटोला २५ सेंट आकारायला सुरुवात झाली. विक्रीतला २० टक्के वाटा फोटो देणाऱ्याला मिळे आणि फक्त याच कंपनीला फोटो देणाऱ्यांना ४० टक्क्यांपर्यंत. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हा हजार डॉलरांच्या आतला डिजिटल एसएलआर बाजारात आला आणि हौशी लोकांच्या हातून छापण्याजोग्या दर्जाचे फोटो निघू लागले. शिक्षक, परिचारिका, निवृत्त अभियंते असे कितीतरी जण यात उतरले. जुन्या व्यावसायिकांनी तेव्हा या हौशी लोकांना दोष दिला, अजूनही देतात. मला तो अन्याय वाटतो. आपले काम कुणाला तरी उपयोगी पडते आहे या आनंदाने ते आले होते, शिकले, एकमेकांना शिकवत गेले, आणि २० टक्के त्यांना पुरेसे वाटले कारण ती जागा आपलीच आहे असे ते धरून चालले होते. जेफ हाउ यांनी २००६ मध्ये वायर्ड मासिकातून ‘क्राउडसोर्सिंग’ (काम बाहेरच्या मोठ्या जमावाकडून करून घेणे) हा शब्द रूढ केला तेव्हा आयस्टॉकचे उदाहरण त्यात ठळकपणे होते.

दुसरा मोठा बदल जॉन ओरिंगर यांच्या शटरस्टॉकने २००३ मध्ये केला. त्यांनी स्वतः काढलेल्या तीसेक हजार फोटोंनिशी सुरुवात केली आणि विक्रीला ठेवले ते सबस्क्रिप्शन. अनेक वर्षे चाललेली त्यांची एक योजना अशी होती: महिन्याला २४९ डॉलर भरा आणि रोज २५ चित्रे उतरवून घ्या. महिन्याची ७५० झाली. कुणी शेवटच्या चित्रापर्यंत कोटा वापरला, तर एका चित्राला ३३ सेंट पडतात. कंपनी छायाचित्रकाराला मात्र डाउनलोडमागे ठरलेली रक्कम देई: नवख्याला २५ सेंट, आणि आयुष्यभराची कमाई ५००, ३,०००, १०,००० डॉलर असे टप्पे ओलांडत गेली की ३३, ३६, ३८ सेंट. म्हणजे सगळ्या ग्राहकांनी सगळा कोटा वापरला असता तर जुन्या लोकांच्या चित्रांवर कंपनीला तोटाच झाला असता. कंपनीचा नफा न वापरलेल्या कोट्यात होता. ग्राहक जितके जास्त उतरवेल तितका धोका कंपनीचा आणि तितकी कमाई छायाचित्रकाराची, असा हा सौदा होता. दर लहान असला तरी ठरलेला होता. २०२० च्या रागाची तीव्रता कळायची असेल तर हे गणित डोक्यात ठेवावे लागते.

फेब्रुवारी २००६ मध्ये गेटीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरला विकत घेतली. २००८ मध्ये हेलमन अँड फ्रीडमन या गुंतवणूक कंपनीने खुद्द गेटीच २४० कोटी डॉलरला घेतली आणि २०१२ मध्ये ती ३३० कोटींना कार्लाइल या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीकडे गेली. असे व्यवहार कर्ज काढून होतात आणि त्या कर्जाचे हप्ते विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतात. छायाचित्रकाराला द्यायची रॉयल्टी हा अशा कंपनीच्या ताळेबंदातला सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो, आणि तो एका ईमेलने कमी करता येतो.

सप्टेंबर २०१० मध्ये आयस्टॉकने नेमके तेच केले. तोवर माणूस आयुष्यभरात जितके डाउनलोड मिळवी त्यावर त्याची पायरी ठरे: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. एकदा चढलेली पायरी खाली येत नसे. जानेवारी २०११ पासून दर वर्षाच्या विक्रीचे लक्ष्य आले. इतर कंपन्यांनाही फोटो देणाऱ्यांचा वाटा २० वरून १५ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकत होता आणि २० टक्के टिकवण्याएवढी विक्री फारच थोड्यांच्या आवाक्यात होती. टक्क्यांपेक्षाही खोल गेले ते दुसरेच. सात-आठ वर्षे रात्री जागून, कीवर्ड भरून, मॉडेल रिलीजवर (फोटोतल्या माणसाच्या संमतीपत्रावर) सह्या घेऊन कमावलेली ज्येष्ठता एका पत्राने निकालात निघाली. जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही हा महिना येतो.

दरम्यान महागडा बाजारही याच भावाला सरावत होता. एप्रिल २००९ मध्ये टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर नाण्यांनी भरलेल्या बरणीचा फोटो छापला. तो आयस्टॉकवरून घेतलेला होता आणि काढणाऱ्याला त्याचे सुमारे ३० डॉलर मिळाले. अशा मुखपृष्ठाला पूर्वी हजारो डॉलर मिळत.

२०१३ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट उघड झाली. गेटीने गूगलशी करार करून हजारो चित्रे गूगल ड्राइव्हच्या वापरकर्त्यांना खुली केली होती. ज्यांचे फोटो त्यात होते त्यांतल्या अनेकांना एका फोटोमागे एकरकमी १२ डॉलर मिळाले आणि ते कशाचे, हे रक्कम जमा झाल्यावर शोधून काढावे लागले. २ फेब्रुवारीला ठरवून हजारो फोटो आयस्टॉकवरून काढून घेतले गेले. त्याच महिन्यात, सर्वाधिक विकल्या जाणाऱ्यांपैकी एक असलेल्या आणि याबद्दल उघड बोलणाऱ्या छायाचित्रकाराचा करार कंपनीने संपवला. बाकीच्यांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले.

याच सुमारास लिव्हिंगस्टन यांनी काही जुन्या सहकाऱ्यांसह स्टॉक्सी ही सहकारी संस्था उभी केली. तिचे छायाचित्रकार हेच तिचे मालक, नेहमीच्या परवान्यावर त्यांना ५० टक्के आणि विस्तारित परवान्यावर ७५ टक्के. ती टिकली आणि चांगली चालली, पण सभासद मोजके घेते. मोजके घेते म्हणूनच तिला ते दर पेलतात. बाहेर राहिलेल्या लाखोंचा प्रश्न तिने सुटणार नव्हता.

चित्रे काढून घेण्याच्या हत्याराला कधी यशही आले. फोटोलिया या स्टॉक फोटो कंपनीने डॉलर फोटो क्लब या नावाने कोणतेही चित्र एका डॉलरला द्यायला सुरुवात केली, तेव्हा २०१४ मध्ये छायाचित्रकार एकवटले आणि कंपनीला त्यातून बाहेर पडण्याची मुभा द्यावी लागली. अलामी या एजन्सीने डिसेंबर २०१८ मध्ये छायाचित्रकाराचा वाटा ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणायचे ठरवले. ओरड झाल्यावर फक्त अलामीवरच असलेल्या फोटोंसाठी ५० टक्के तेवढे कायम ठेवले. मोठ्या कंपन्यांपुढे मात्र हे चालले नाही. हजार जणांनी पन्नास हजार फोटो काढून घेतले तर तेवढे नवे फोटो थोड्याच वेळात येऊन पडतात. शिवाय एकाच माणसाचे तेच फोटो पाच-सहा ठिकाणी असतात, त्यामुळे एका दुकानातून उचललेला माल शेजारच्या दुकानात मिळतो. जास्त विक्रीच्या आशेने सगळीकडे फोटो टाकणे हे प्रत्येकाच्या दृष्टीने शहाणपणाचे होते आणि त्यानेच सगळ्यांचे बळ गेले.

शटरस्टॉकच्या २०२० च्या पद्धतीत आयस्टॉकच्या दहा वर्षे आधीच्या बदलाची छाप सरळ दिसते. ठरलेले सेंट गेले, विक्रीच्या १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्या आल्या, आणि दर १ जानेवारीला प्रत्येकजण पुन्हा पहिल्या पायरीवर. मोठ्या सबस्क्रिप्शनमधल्या एका चित्राची किंमत पाव डॉलरच्या आसपास पडते. तिचे १५ टक्के म्हणजे चार सेंट. म्हणून किमान दहा सेंटांची हमी ठेवावी लागली, आणि वरच्या पायरीवरच्या माणसालाही या विक्रीतून जेमतेम तेवढेच मिळते. ग्राहकाने कोटा पुरता वापरला तर होणारा तोटा पूर्वी कंपनी सोसत होती. स्वस्त विकण्याचा भार आता छायाचित्रकाराकडे आला. भाव ठरवण्यात त्याला कुठेच जागा नव्हती, तरी भाव पाडण्याची किंमत तो मोजू लागला. आडतदार आपल्या बाजूने घासाघीस करायचा, तिथून हे इथवर आले.

त्यानंतर दोनच वर्षांत विषयाचे रूप पालटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयसोबतचे काम जाहीर केले आणि चित्रे बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआयच्या) प्रशिक्षणासाठी वापरलेल्या चित्रांच्या मोबदल्यासाठी कॉन्ट्रिब्युटर फंड काढला. मार्च २०२३ मध्ये अॅडोबीने फायरफ्लाय हे चित्रे बनवणारे एआय साधन आणले. ते अॅडोबी स्टॉकमधल्या चित्रांवर शिकवलेले होते, आणि त्यासाठी वेगळी परवानगी न मागता आधीच्याच कराराचा आधार घेतला गेला. काहींना नंतर बोनस मिळाला. गेटीने जानेवारी २०२३ मध्ये लंडनमध्ये आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेत स्टॅबिलिटी एआय या अशीच साधने बनवणाऱ्या कंपनीवर दावे लावले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात एनव्हिडियाच्या मदतीने स्वतःचे चित्रनिर्मितीचे साधनही आणले. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. एका कंपनीवर रागावून दुसरीकडे वळण्याची जी सोय होती, तिच्यावरच त्याने घाला येतो.

फंडातून येणारी रक्कम खात्यात एका आकड्यात जमा होते. कोणत्या फोटोचे किती, कुणी वापरला, कशासाठी, हे त्यात उलगडून दिलेले नसते. १९८० च्या दशकातल्या रॉयल्टीच्या कागदावर हे सगळे रकाने असत. आणि आधीच्या प्रत्येक भांडणात निदान चित्र काढून घेता येत होते. एकदा प्रशिक्षणात गेलेले चित्र पोर्टफोलिओतून काढले तरी जे शिकले गेले ते तिथेच राहते. म्हणून आता छायाचित्रकारांच्या मागण्यांत टक्क्यांच्या आधी पूर्वपरवानगी येते, आणि तिच्या पाठोपाठ फोटोगणिक हिशेब.