एक रुपया तेवीस पैसे, आणि मोड नाही

एरंडोलच्या दुकानात आजोबांनी मला घातलेलं कोडं असं होतं: गल्ल्यात १ रुपया २३ पैसे आहेत, तरी रुपयाची मोड देता येत नाही. नाणी कोणती?

उत्तर: तीन पावल्या (पंचवीस पैशांची नाणी), दहा पैशांची चार, दोन पैशांची चार. एक किंवा तीन पावल्या घेतल्या की बेरीज विषमच येते. दोन घेतल्या तर पन्नास, आणि बाकी सगळी चिल्लर मिळून अठ्ठेचाळीस. शंभर काही जमत नाहीत.

मला हे कोडं प्रिय आहे, कारण ते १ एप्रिल १९५७ च्या आधी घालताच आलं नसतं. तेव्हा रुपया सोळा आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा किंवा १९२ पैंचा. अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे. प्रत्येक मोठं नाणं लहानात पूर्ण मोडायचं. त्यामुळे खुर्दा रुपयाभर किंवा जास्त असला, तर त्यातून नेमका रुपया निघायचाच. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, ते याच हिशोबासाठी.

त्याही आधी मोड म्हणजे सराफाचं काम. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि बदलून घेताना बट्टा कापला जाई. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया आला.

दशमान पद्धतीत पावली २५ नव्या पैशांची झाली, पण २५ ला दहाने भाग जात नाही. कोडं तिथे जन्मलं. आण्याचे खरे सव्वासहा पैसे. सरकारी कोष्टकात मात्र एक आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५. एकेक आण्याचं मीठ चारदा नेलं की दुकानदाराला २४ च मिळायचे. आजोबा तो एक पैसा पाटीवर वेगळा मांडून दाखवत.

३० जून २०११ पासून पावली चलनातून गेली. कोडं मात्र गेलं नाही. परवा जळगावच्या बसस्थानकावर एका बाईंनी विचारलं, “भाऊ, दहानी मोड शे का?” माझ्या हातात पाचाचं एक आणि दोनाची चार नाणी होती. तेरा रुपये.