क्वार्टरबॅकची निवड (एनएफएल ड्राफ्ट)

क्वार्टरबॅकची निवड : अमेरिकन फुटबॉलमधील ‘नॅशनल फुटबॉल लीग’च्या म्हणजे एनएफएलच्या संघाने महाविद्यालयीन खेळातून येणाऱ्या नव्या क्वार्टरबॅकपैकी कोणाला घ्यावे, यावर दरवर्षी होणारी चर्चा आणि वाद. ही निवड, म्हणजेच ‘ड्राफ्ट’, एप्रिलच्या अखेरीस होते. वाद मात्र आदल्या हंगामातच सुरू झालेला असतो. संघाचे मालक, जनरल मॅनेजर, प्रशिक्षक, गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे स्काउट, वार्ताहर आणि लाखो चाहते त्यात हिरिरीने उतरतात.

क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. समोरच्या अकरा जणांची मांडणी ओळखायची, आपल्या कोणत्या सहकाऱ्याला मोकळी जागा मिळणार हे हेरायचे आणि अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत चेंडू फेकायचा, हे सारे त्याला दोन-तीन सेकंदांत करावे लागते. इतर अनेक जागांवर खेळाडू आलटून पालटून उतरवता येतात. ही जागा एकाचीच असते. त्यामुळे चांगला क्वार्टरबॅक नसलेला संघ बाकी कितीही भक्कम असला, तरी विजेतेपदापर्यंत क्वचितच पोहोचतो.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. पहिली निवड १९३६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाली. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाने पहिला खेळाडू घ्यायचा आणि विजेत्याने शेवटी, हा मूळ नियम आजही टिकून आहे. सध्या ३२ संघ सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात. आयपीएलच्या लिलावासारखी इथे पैशाची बोली लागत नाही. संघाची पाळी आली की तो नाव सांगतो आणि त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क त्याच एका संघाला मिळतो. पाळ्यांची मात्र आपसांत देवघेव करता येते. क्वार्टरबॅकसाठी होणारे मोठे सौदे याच वाटेने होतात.

या वादाचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९९८ चा. पहिली पाळी इंडियानापोलिस कोल्ट्स संघाची होती आणि समोर दोन नावे होती : टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. मॅनिंग हा माजी क्वार्टरबॅक आर्ची मॅनिंग यांचा मुलगा. तो महाविद्यालयात चार वर्षे खेळलेला, अभ्यासू आणि खेळ आतून जाणणारा होता. त्याच्या हातात पुरेसा जोर नाही, अशी शंका मात्र घेतली जाई. लीफ धिप्पाड होता, त्याचा चेंडू लांब आणि वेगाने जाई, आणि त्याची खरी वाढ अजून व्हायची आहे असे त्याचे समर्थक सांगत. दोघांत फार फरक नाही, असे मानणारे तेव्हा थोडे नव्हते. तिसरी पाळी असलेल्या सॅन डिएगो चार्जर्सने केवळ एक पायरी वर सरकण्यासाठी दुसरी पाळी असलेल्या ॲरिझोनाला आपल्या तिसऱ्या पाळीबरोबर दुसऱ्या फेरीतील एक पाळी, पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी आणि दोन खेळाडू दिले. दोघांपैकी एक आपल्याला मिळायलाच हवा, असा त्यांचा हिशेब होता.

कोल्ट्सचे जनरल मॅनेजर बिल पोलियन यांनी मॅनिंगला घेतले. लीफ चार्जर्सकडे गेला. पहिल्या हंगामात मॅनिंगने प्रतिस्पर्ध्यांच्या हाती २८ पास दिले. नवख्या खेळाडूसाठी तो नकोसा विक्रम ठरला आणि कोल्ट्सनी १६ पैकी तीनच सामने जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांनी १३ जिंकले. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन वेगळ्या संघांकडून सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला. लीफची कारकीर्द २५ सामन्यांत आटोपली : १४ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोहोचवून मिळवलेले गुण) आणि ३६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले पास). आज हा निर्णय सोपा वाटतो, पण एप्रिल १९९८ मध्ये तो सोपा नव्हता, हे ध्यानात ठेवूनच त्याकडे पाहायला हवे.

निवडीपूर्वी खेळाडूंची कसून मोजमापे होतात. त्यासाठी इंडियानापोलिसला दरवर्षी ‘कंबाइन’ नावाचे शिबिर भरते. उंची, वजन, पसरलेल्या पंजाची रुंदी, ४० यार्ड धावण्याचा वेळ यांची नोंद होते, वैद्यकीय तपासणी होते आणि संघ मुलाखती घेतात. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक नावाची बुद्धिचाचणीही अनेक वर्षे घेतली जाई. २०२२ मध्ये ती बंद झाली. यांतल्या काही मापांभोवती अकारण गाजावाजा होतो. क्वार्टरबॅक जो बरो याचा पंजा नऊ इंचांचा भरला तेव्हा तो लहान असल्याची २०२० मध्ये बरीच चर्चा झाली. त्याने दुसऱ्याच हंगामात सिनसिनाटीला सुपर बोलपर्यंत नेले. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे एका आकलनचाचणीतील कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्या समजशक्तीवर जाहीर शंका घेतल्या गेल्या. त्या हंगामात आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. एकविशीतल्या मुलाचे गोपनीय गुण असे चव्हाट्यावर आणणे अन्यायाचे होते.

या मोजमापांची मर्यादा टॉम ब्रेडीच्या निवडीत दिसते. २००० साली तो सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडकडे गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. किडकिडीत बांध्याचा आणि संथ धावणारा हा खेळाडू पुढे सात सुपर बोल जिंकला. न्यू इंग्लंडने दूरदृष्टीने त्याला हेरले असे सांगितले जाते, पण तेवढी खात्री असती तर त्यांनी पाच फेऱ्या वाट पाहिली नसती.

या वादाला वंशभेदाचा जुना आणि क्लेशदायक पदर आहे. कृष्णवर्णीय खेळाडू चपळ असतात, मात्र डावपेच आखण्याची जागा त्यांच्यासाठी नाही, या पूर्वग्रहापायी महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून चमकलेल्या कित्येकांना व्यावसायिक खेळात दुसऱ्या जागी ढकलले गेले. वॉरन मून यांना १९७८ मध्ये एकाही संघाने निवडले नाही. ते कॅनडात गेले, एडमंटनकडून सलग पाच विजेतेपदे जिंकून परतले आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स. ते साल १९८८. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक निवडला जायला २००१ उजाडले; तो मायकल विक. तरीही २०१८ मध्ये क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) व्हावे असा सल्ला खुद्द पोलियन यांनी दिला. पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी, ३२ व्या क्रमांकावर घेतलेला जॅक्सन पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

वर सरकण्याची किंमत जबर असते. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने सहाव्या पाळीवरून दुसरीवर येण्यासाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि दुसऱ्या फेरीची एक पाळी दिली, आणि रॉबर्ट ग्रिफिनला घेतले. पहिले वर्ष झगमगले, मग गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ मोडला. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने तिसऱ्यावरून दुसऱ्या पाळीवर येऊन मिचेल ट्रुबिस्की निवडला. पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला मिळाला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीहून थोडीच जास्त असते आणि संघ वरच्या पाळ्यांची किंमत वाजवीपेक्षा जास्त लावतात, असे त्यांना आढळले. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारानंतर नवख्यांचे वेतन ठरीव झाले. २०१० मध्ये पहिल्या निवडीच्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्या वर्षी कॅम न्यूटनचा सबंध करार सुमारे २.२ कोटींचा होता. तेव्हापासून स्वस्त करारावरचा तरुण क्वार्टरबॅक आणि उरलेल्या पैशातून उभारलेला बाकीचा संघ, हे सूत्र रूढ झाले आणि पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेण्याचा मोह आणखी वाढला.

‘हा की तो’ या प्रश्नातच या वादाचा मोठा दोष आहे. खेळाडू कुठे जातो, हे तो कोण आहे याइतकेच निर्णायक असते, आणि या बाजूला चर्चेत फार कमी जागा मिळते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या संघाने पहिल्या क्रमांकावर डेव्हिड कार घेतला. त्याला राखणारी फळी इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात तो ७६ वेळा चेंडूसह जमीनदोस्त झाला. माहोम्स मात्र पहिले वर्ष अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून प्रशिक्षक अँडी रीड यांच्याकडे शिकला. नियमित खेळू लागल्यावर पहिल्याच हंगामात त्याने ५० टचडाउन पास दिले.

२०१८ च्या पहिल्या फेरीत जॅक्सनखेरीज आणखी चार क्वार्टरबॅक होते, आणि त्यांचे पुढे जे झाले ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. वायोमिंगचा जॉश ॲलन नेमका फेकत नाही म्हणून टीकेचा धनी झाला होता. महाविद्यालयात त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पोहोचत. बफेलोने धीर धरला, स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणला, आणि २०२० मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. पहिल्या क्रमांकाच्या बेकर मेफील्डला क्लीव्हलँडने चार हंगामांनंतर सोडले. टॅम्पा बेमध्ये त्याचा जम पुन्हा बसला. तिसऱ्या क्रमांकाचा सॅम डार्नोल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे कोमेजला, तीन संघ बदलून मिनेसोटाला पोहोचला आणि २०२४ च्या हंगामात त्याच्यासह त्या संघाने १४ सामने जिंकले. दहाव्या क्रमांकावरच्या जॉश रोझनला तेवढीही उसंत मिळाली नाही : ॲरिझोनाने एका हंगामानंतर प्रशिक्षक बदलला, नव्या प्रशिक्षकाच्या पद्धतीला साजेसा कायलर मरे पहिल्या क्रमांकावर घेतला आणि रोझनला मायामीकडे धाडले.