बार न होणं (सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुल)

चाप ओढला पण बार झाला नाही, याला सरसकट मिसफायर म्हणतात, आणि इथे त्याचा विचार फक्त सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलापुरता केलाय. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं, विषय संपला. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तसं नसतं, तिथे रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि नवीन काडतूस आत ढकलणं हे सगळं आधीच्या बाराच्या धक्क्यावर चालतं, त्यामुळे एक बार झाला नाही की पुढचं सगळं तिथेच ठप्प.

अशा धक्क्यावर चालणारं पहिलं पिस्तुल कुठलं यावर जुन्या संदर्भग्रंथांत एकमत नाही. ऑस्ट्रियात आर्चड्यूक कार्ल साल्व्हाटर आणि काउंट डॉर्मुस यांचं पेटंट साधारण १८९१ चं धरतात, शोनबर्गर-लाउमान पिस्तुल १८९२ च्या आसपासचं, आणि ह्युगो बोर्शार्टचं सी-९३ हे बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने १८९३ पासून बाजारात आणलं. शोनबर्गरच्या पिस्तुलाबद्दल तर ते चालायचं कसं यावरच वाद आहे, काही जण म्हणतात की काडतुसाच्या बुडातली टोपी मागे सरकायची आणि त्या जोरावर ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडायचं, काहींना तो साधा उशिरा उघडणारा ब्लोबॅक, म्हणजे पुंगळी मागे ढकलली जाते त्या जोरावर चालणारा प्रकार, वाटतो, आणि उरलेले नमुने इतके थोडे आहेत की दुसरं मत जास्त पटत असलं तरी ठामपणे लिहिणं बरोबर नाही. आपल्या विषयापुरतं बोर्शार्टपासून सुरुवात केलेली बरी, कारण मुठीत बसणारी काडतुसांची सुटी मॅगझीन आणि बिनकडेचं (बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं) काडतूस ही जोडी तिथे नीट जुळलेली दिसते आणि आजचे बरेचसे बिघाड याच जोडीशी निगडित आहेत.

बार होतो तो टोपीमुळे, म्हणजे प्रायमरमुळे. अलेक्झांडर फोर्सिथने १८०७ मध्ये ठोक्याने पेट घेणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, तांब्याची टोपी त्यानंतर आली आणि तिचा शोध आपणच लावला असं सांगणारे निदान तीन-चार जण होते, त्यातला जोशुआ शॉचा दावा सगळ्यात जास्त वेळा छापला जातो पण त्याचं अमेरिकन पेटंट १८२२ चं, त्यामुळे शोधाची तो सांगतो ती १८१४ ची तारीख जपूनच घ्यावी. १८६६ मध्ये बर्डन आणि बॉक्सर असे दोन प्रकार आले. टोपीतलं रसायन ज्या टोकावर चिरडलं जातं त्याला ऐरण म्हणू, ती बर्डनमध्ये पुंगळीच्या बुडातच असते आणि बॉक्सरमध्ये टोपीच्या आत बसवलेली असते. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन होता आणि त्याची टोपी युरोपात रुजली, बॉक्सर इंग्रज आणि त्याची अमेरिकेत. हा फरक बिघाड शोधताना कामाला येतो, कारण घरी भरलेल्या बॉक्सर काडतुसात कधी ऐरण निसटलेली असते, कधी टोपी उलटी बसलेली असते, कधी ती खोबणीत पूर्ण दाबलेलीच नसते. दाबलेली नसेल तर पहिला ठोका तिला आत बसवण्यातच खर्ची पडतो आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला व्यवस्थित उडतं, आणि माणूस उगाच पिस्तुलावर खापर फोडतो.

म्हणून पिस्तुल खोलायच्या आधी काडतूस बघावं. बार न झालेलं काडतूस हातात घेऊन बुडाकडे उजेड पडेल असं धरलं की टोपीवरचा खड्डा सगळं सांगतो. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर पिस्तुलाने आपलं काम केलंय, दोष काडतुसाचा: ओल लागलेली, फार जुनी किंवा टोपीच खराब. खड्डा उथळ, नुसता टिचका लागल्यासारखा असेल तर ठोका कमी पडला, मग हॅमरची, म्हणजे मागच्या हातोडीची, स्प्रिंग थकलीय का, टोपीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या बोळात तेल आणि काजळीचा लगदा साचलाय का हे बघायचं. ‘भरपूर तेल म्हणजे चांगली निगा’ हा समज इथे फार महागात पडतो, त्या बोळात तेल घालायचंच नसतं, थंडीत ते घट्ट होतं आणि पिनची गतीच मारतं. खड्डा एका बाजूला सरकलेला असेल तर नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण मिटलेली नसताना ठोका बसलाय अशी शंका घ्यावी. आणि खड्डाच नसेल तर पिन तुटलीय, किंवा ठोका टोपीपर्यंत पोचलाच नाही.

लांबीचाही प्रश्न असतो. ९×१९ चं (दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये) बिनकडेचं काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकून चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, बसतं, चुकून ९×१७ आत गेलं तर ते दोन मिलिमीटर आखूड, टेकायला काही मिळत नाही. ते पुढे सरकलं तर पिन पोचत नाही, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने धरून ठेवलं तर उडूही शकतं, त्यामुळे ही चूक लगेच लक्षात येत नाही.

चाप ओढल्यावर ठोक्याचा ‘टक्’ आवाजच आला नाही तर वाट वेगळी. स्लाइड एखाद-दोन मिलिमीटर उघडी राहिली असेल तर डिस्कनेक्टर चाप आणि हॅमरची साखळी तोडतो, आणि ते बरोबरच आहे, अर्धवट मिटलेल्या स्लाइडवर बार झाला तर पुंगळी फाटते. एम-१९११ मध्ये मुठीमागची सेफ्टी दाबली गेली नाही तर चाप मागे येतच नाही. ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझीन काढली की चाप निकामी होतो, ही सोय फ्रेंच सैन्याच्या मागणीतून आली असं मानतात. बेरेटा ९२-एफएसला स्लाइडवरची सेफ्टी लागलेली असेल तर चाप लुळा पडतो, पण चापाची परतीची स्प्रिंग तुटली तरी तो लुळाच लागतो, म्हणून आधी सेफ्टी बघावी.

‘टक्’ आला आणि चेंबर रिकामंच निघालं, तर मॅगझीन पूर्ण आत बसलेली नव्हती हे कारण नेहमीचं. तळावर हाताने ठोकून ती अडकली पाहिजे, नाहीतर स्लाइड वरच्या काडतुसावरून नुसती सरकून जाते.

बार झाला नाही की लगेच काय करायचं यावर दोन मतं आहेत. लढाईच्या प्रशिक्षणात मॅगझीनवर ठोका, स्लाइड ओढा, पुढे चला असं शिकवतात. नेमबाजीच्या रेंजवर मात्र नळी सुरक्षित दिशेला रोखून, बोट चापावरून काढून साधारण ३० सेकंद थांबायला सांगतात, काही ठिकाणी एक मिनिट, कारण काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं, त्याला हँगफायर म्हणतात. आजच्या काडतुसांत हा उशीर झालाच तर बहुधा क्षणभराचा असतो, तरी जिवावर बेतलेलं नसेल तिथे थांबणंच योग्य, कारण बाहेर काढताना उघड्यावर फुटलेल्या काडतुसाची पितळ चेहऱ्याकडे येते. मग आधी मॅगझीन काढायची, नंतर स्लाइड ओढायची. क्रम उलटा झाला तर खराब काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझीनमधलं नवीन आत जातं, आणि माणसाला वाटतं की पिस्तुल रिकामं झालं. शेवटी चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं.

‘फुस्स’ आवाज आला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर ही गोष्ट मिसफायरहून वाईट. काडतुसात दारू नसेल किंवा कमी असेल तर टोपीचा जोर गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन सोडतो, आणि मागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. तिथेच थांबून पिस्तुल रिकामं करायचं, उघडायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं.

दुसऱ्यांदा ठोका देता येणं हे डबल-अ‍ॅक्शन, म्हणजे चाप ओढला की हॅमर आधी ताणला जाऊन मग पडतो अशा पिस्तुलांचं वैशिष्ट्य. त्याचं श्रेय बहुतेक ग्रंथ १९२९ च्या वॉल्थर पीपीला देतात, पण टोमिश्काच्या लिटल टॉमचं पेटंट १९०८ च्या सुमाराचं आहे, तेव्हा पीपीला ‘पहिलं यशस्वी’ म्हणणं जास्त नेमकं. ग्लॉकसारख्या स्ट्रायकरवाल्या (हॅमरऐवजी स्प्रिंगने ताणलेली पिनच ठोका देते अशा) पिस्तुलात चाप पुन्हा ओढून काही होत नाही, स्लाइड मागे घेतल्याशिवाय स्ट्रायकर ताणलाच जात नाही.