पोटाखालची पायरी

बोइंग ३१४ चे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागलेत. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, सुटाबुटातले प्रवासी आणि खाली ओळ : 'विमानप्रवासाचा सुवर्णकाळ!' सोनं लागायचंच. १९३९ मध्ये न्यूयॉर्क ते मार्सेय एकेरी तिकीट ३७५ डॉलर होतं. मला मात्र त्या टेबलांपेक्षा विमानाचं पोट बघायला आवडतं.

बोइंग ३१४ ही फ्लाइंग बोट, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. नेहमीच्या विमानाला चाकांऐवजी तरंगते ठोकळे लावले की झालं, असं नाही. इथे विमानाचं धडच होडी असतं. १ जानेवारी १९१४ ला फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा ही पहिली नियमित विमानसेवा सुरू झाली, तीही अशाच लाकडी बोटीने. पायलट टोनी जॅनस आणि शेजारी एकच प्रवासी, शहराचे माजी महापौर. लिलावात ४०० डॉलर मोजून त्यांनी ती जागा मिळवली होती.

पण त्याआधी एक गाठ सोडवावी लागली होती. १९१२ मध्ये अमेरिकी विमान बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसची बोट पाण्यावर सुसाट धावे, पण वर उठेना. शेपटीकडे वर वळत गेलेल्या तळाला पाणी चिकटून वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि शेपूट खाली ओढली जाते. नाक वर येत नाही, त्यामुळे पंखांना हवेशी पुरेसा कोन मिळत नाही. पालथा चमचा नळाच्या धारेला लावून बघा, धार त्याला आत खेचते. तेच इथे. उपाय निघाला तो असा : तळाला मध्यावर, वजनाच्या केंद्राच्या जरा मागे, आडवी पायरी पाडायची. तिच्या धारदार कडेवरून पाणी सुटतं, मागे हवा शिरते, बोट पुढच्या भागावर घसरू लागते आणि पायलटला नाक उचलता येतं. आरशासारखं शांत पाणी म्हणूनच त्रासदायक; छोट्या लाटा असल्या की हवा सहज शिरते. कधीकधी आधी मोटारबोट फिरवून पाणी मुद्दाम खवळवत.

'खाली समुद्र, म्हणजे कुठेही उतरा' ही निव्वळ जाहिरातबाजी. भर समुद्रातल्या लाटांनी तळ फुटायचा. आडोशाचं पाणी हवं, म्हणून पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने १९३५ मध्ये प्रशांत महासागरातल्या वेक बेटाच्या खाजणातले प्रवाळाचे खडक सुरुंगांनी उडवले. पुढे महायुद्धात जगभर लांब धावपट्ट्या झाल्या, पाण्यावर उतरायची गरज उरली नाही. हवेत निव्वळ अडथळाच करणारी ती पायरी मग कोण कशाला वागवेल?