लठ्ठपणा (आणि पिक्चरमधला जाड्या)

लठ्ठपणा म्हणजे अंगात इतकी चरबी साठणं की तिचा तब्येतीला त्रास व्हायला लागतो. बाळाने 'बाळसं धरलं' की आपल्याकडे कौतुक, लग्नानंतर मुलगा 'खात्यापित्या घरचा' दिसायला लागला तरी कौतुकच, आणि चाळिशीत तोच जरा सुटला की सोसायटीच्या गेटवर कुणीतरी विचारतंच, कुठल्या चक्कीचं पीठ खाता राव? डॉक्टर मात्र बीएमआय बघतात, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित १८३२ साली बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने मांडलं, आणि गंमत म्हणजे त्याला वजन-बिजन कमी करण्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता.

जागतिक आरोग्य संघटना बीएमआय ३० झाला की लठ्ठ म्हणते, पण आपले डॉक्टर २५ लाच लठ्ठ धरतात, शिवाय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर आणि बाईची ८० च्या वर गेली की टोकतात. कारण आपली चरबी पोटावर बसते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२, पण चरबी मोजली तर युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! हातपाय काडीसारखे आणि पुढे ढेरी, असे काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतात ते यामुळेच.

जगात २०२२ साली १०० कोटींहून जास्त लोक लठ्ठ होते, पोरंबाळं धरून. १९९० पासून मोठ्यांमधलं प्रमाण दुपटीहून जास्त झालं आणि मुलांमधलं चौपट. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ बीएमआयच्या पुढे होते, त्याआधीच्या सर्वेक्षणात हेच आकडे साधारण २१ आणि १९ होते.

आता कारणं. अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, २००७ साली एफटीओ नावाचं जीन सापडलं आणि नंतर अशी शेकडो ठिकाणं सापडली, पण जीन्स काही तीस-पस्तीस वर्षांत बदलत नाहीत, बदललं ते आजूबाजूचं सगळं. आणि त्यात सगळ्यात जास्त बदललं ते खाणं. अमेरिकेत केविन हॉल या शास्त्रज्ञाने २० जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे पॅकेटबंद कारखान्यातलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं, समोर ठेवलेल्या ताटांत साखर, फॅट, मीठ, फायबर सारखंच, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पॅकेटवाल्या आठवड्यांत लोकांनी रोज जवळपास ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, कुणीही जबरदस्ती न करता. हा अभ्यास २०१९ चा. मऊ, पटकन गिळलं जाणारं खाणं पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचायच्या आतच संपतं, हे त्याचं एक कारण असावं.

ठाण्यात स्टेशनजवळ कुंजविहारचा जम्बो वडापाव आणि मामलेदारची मिसळ लोक कित्येक वर्षं खातायत, त्यामुळे सगळं खापर वडापाववर फोडण्यात अर्थ नाही. पूर्वी तो बाहेर गेल्यावर खायचा प्रकार होता. आता घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर रात्री साडेअकराला बेल वाजते आणि दोन जिने न चढता बर्गर हातात येतो. घरातली तेलाची पिशवी लवकर संपते, डब्यात पोळीभाजीच्या सोबतीला बिस्किटाचा पुडा आणि गोड ड्रिंक. फळं महाग, पाच रुपयाचा वेफर्सचा पुडा स्वस्त, म्हणून हा आता फक्त श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

व्यायाम केला की वजन आपोआप उतरतं, हा मात्र एक गैरसमज आहे. २०१२ साली पाँट्झर वगैरे शास्त्रज्ञांनी टांझानियातल्या हाडझा शिकाऱ्यांचा रोजचा कॅलरी खर्च मोजला, दिवसभर रानात पायपीट करणारी माणसं ती, आणि शरीराच्या आकाराचा हिशोब लावल्यावर तो शहरी माणसाएवढाच निघाला. म्हणजे ठाण्याच्या तलावपाळीला चार चकरा मारणं हृदयाला उत्तमच, पण नंतर तिथेच पावभाजी खाल्ली की वजनाच्या हिशोबात चकरा कुठल्या कुठे. त्यात झोप. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नाइट शिफ्ट करणाऱ्याला कुणी हे सांगायला नको, झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. स्टेरॉइडसारखी काही औषधंही वजन वाढवतात. आणि एकदा वाढलं की शरीर ते वजन धरून ठेवतं, घटवायला लागलात की भूक वाढते आणि कॅलरीचा खर्च कमी होतो. २०२५ पासून भारतातही मिळायला लागलेली टिर्झेपटाइड, सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं नेमकी या भुकेवरच काम करतात, माणूस तोच, त्याची जिद्द तेवढीच, तरी ताट अर्ध्यातच सरकवतो.

पण थिएटरमध्ये हे चालत नाही, तिथे जाड माणूस म्हणजे हावरट, आळशी आणि पादणारा. आचरट कॉमेडीला शरीर लागतं, पडणं, अडकणं, ढेकर, कारण त्याला भाषा लागत नाही, पोराला आणि आजोबांना एकदमच कळतं. हॉब्ज हा इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकातच म्हणून गेला की दुसऱ्याचं उणं दिसलं की आपण अचानक भारी वाटून हसतो. शिवाय हसू लागण असल्यासारखं पसरतं, हसण्याचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइनला असं दिसलं की माणूस एकट्यापेक्षा सोबतीत तीसेक पट जास्त हसतो, म्हणून घरी मोबाईलवर फालतू वाटणारा जोक भरल्या थिएटरात चालून जातो. (हसलोय मीही, खोटं कशाला बोला.)

मूकपटांच्या काळातला रॉस्को आर्बकल 'फॅटी' म्हणून जगभर गाजला, पण त्याला ते नाव आवडायचं नाही, आणि दारात किंवा खुर्चीत अडकण्याचे स्वस्त विनोद करायला तो नकार द्यायचा. आपल्याकडे उमादेवी आधी गायिका होत्या, १९४७ साली त्यांचं गाणं देशभर गाजलं, मग १९५० पासून त्या पडद्यावर जाड्या विनोदी नटी टुणटुण झाल्या. त्यांचं गाणं ऐकलेले आता थोडेच, पण वर्गातल्या जाड मुलीला टुणटुण म्हणणारी पोरं त्या २००३ साली गेल्यानंतरही ठाण्यातल्या शाळांत होती, त्यातल्या बहुतेकांनी त्यांचा एकही पिक्चर पाहिलेला नव्हता.