रायटसली

रायटसली (riotously) हे इंग्रजीतील रीतिवाचक क्रियाविशेषण. ‘रायट’ या नामापासून ‘रायटस’ हे विशेषण झाले आणि त्याला ‘ली’ लागली. उच्चार ‘राय-अ-टस-ली’, ‘रायोटसली’ चूक. अर्थ : धिंगाणा घालत, दांडगाईने, बेबंदपणे.

मराठी माणसाची या शब्दाशी गाठ पडते ती बहुधा पोलिसी कागदांत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या इंग्रजी पाठात, कलम ११० मध्ये तो थेट आला आहे : रस्त्यावर, सार्वजनिक जागी, कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात असभ्यपणे, ‘रायटसली’ अथवा बेशिस्तीने वागू नये. कलम ११७ खाली त्याला दंड होतो. नाशिकला टवाळखोरांवरील कारवाईच्या बातम्यांत ‘११२/११७’ असे आकडेही दिसतात. कलम ११२ हे शांतता भंग होईल अशा धमकीच्या, शिवीगाळीच्या किंवा अपमानास्पद वागण्याचे आहे. मदतीचा दूरध्वनी ११२ हा निव्वळ योगायोग.

भाषांतरात हमखास घोटाळा होतो तो ‘दंगा’ शब्दाने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंग्यासाठी (कलम १९१) किमान पाच जणांचा बेकायदा जमाव, समान उद्देश आणि बळाचा वा हिंसेचा वापर लागतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. पोलीस अधिनियमाच्या कलम ११० ला एकटा माणूसही पुरतो. तेव्हा ‘रायटसली’साठी ‘दंगा करून’ लिहिणे म्हणजे क्षुल्लक गुन्हा भारी करून टाकणे. ‘धिंगाणा घालून’ बरोबर. दोघे रस्त्यात हाणामारी करून शांतता भंग करू लागले तर न्याय संहितेचे कलम १९४, दारू पिऊन त्रास दिला तर ३५५.

तक्रारीत मात्र नुसते ‘धिंगाणा घातला’ फार लंगडे पडते. जागा, वेळ, नेमकी कृती, शिव्या असतील तर त्याच शब्दांत, आणि त्रास कोणाला झाला हे लिहावे. क्रियाविशेषणाने गुन्हा शाबीत होत नाही, कृतीने होतो.

विशेषणाआधी आल्यावर हाच शब्द तक्रार सोडून देतो. ‘रायटसली फनी’ म्हणजे हसून हसून पोट दुखवणारे. रंगपंचमीला नाशिकच्या तिवंधा किंवा शनी चौकातल्या रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) धप्पा म्हणजे उडी मारून वर आलेल्या गर्दीला ‘रायटसली कलरफुल’ म्हटले तर ते कौतुकच. ‘बिहेव्ड रायटसली’ म्हटले की त्याच गर्दीवर ठपका येतो.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात दंगेखोर मुलासाठी हा शब्द नको. तिथे ‘बॉइस्टरसली’ चालतो, कारण त्यात दांडगाई असली तरी दुष्टावा नाही. ‘राउडिली’ मधला, भांडकुदळपणाकडे झुकणारा.